‘माझे काम आत्ता कुठे आहे?’ : गिट शिकवू इच्छिणाऱ्या डेव्हलपरसाठी

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मी पहिल्यांदा गिट, म्हणजे फाईलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, शिकवले, तेव्हा माझ्या गाठीशी नऊ वर्षांच्या नोकरीचा अनुभव होता आणि दोन तासांत बावीस कमांड शिकवण्याचा बेत होता. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाच्या मध्यावर शेवटच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, माझी फाईल गेली. मघाशी होती.” मी फळ्यावर लिहिलेल्या कमांडमुळे ती एका जुन्या कमिटवर, म्हणजे कामाच्या आधीच्या नोंदीवर, गेली होती आणि त्या कमिटच्या वेळी ती फाईल जन्मालाच आलेली नव्हती. मी तिचा कीबोर्ड ओढून घेतला, दोन ओळी टाईप केल्या, फाईल परत आली. ती खाली बसते न बसते तोच शेजारच्या मुलाची फाईल तशीच नाहीशी झाली. त्याच्याही यंत्रावर मीच धावले.

त्या दिवशी त्या दोघांचा प्रश्न एकच होता : माझे काम आत्ता कुठे आहे? मी बावीस कमांडची माहिती दिली होती, पण या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत दिली नव्हती. व्हर्जन कंट्रोल (बदलांची अशी नोंद ठेवण्याची पद्धत) शिकवणे म्हणजे शिकणाऱ्याला कोणत्याही क्षणी हे उत्तर स्वतःचे स्वतः देता येईल इतपत तयार करणे होय, असे मी त्यानंतर मानत आले. पुढची सगळी पायरी-पायरीची मांडणी याच समजुतीवर उभी आहे.

आधी स्वतःची उजळणी

रोज गिट वापरणाऱ्या माणसाच्या बोटांना कमांड पाठ असतात, आणि शिकवताना तीच अडचण ठरते. म्हणून पहिले काम कागदावर करावे. कागदावर चार चौकोन काढावेत : कामाचा फोल्डर, स्टेजिंग (पुढच्या कमिटसाठी निवडलेले बदल), आपल्या यंत्रावरची रिपॉझिटरी (सगळ्या कमिटचा साठा) आणि दूरची रिपॉझिटरी. मग आपण नेहमी वापरतो त्या दहा-बारा कमांडपैकी प्रत्येकीसाठी कोणत्या चौकोनातून कोणत्या चौकोनाकडे काय जाते, याचा बाण कुठेही न पाहता काढावा. ज्या ठिकाणी पेन अडेल, ते आपल्यालाच नीट समजलेले नाही असे समजावे. माझे पेन आधीच्या कमिटवर मागे नेणाऱ्या ‘रिसेट’पाशी अडले. सॉफ्ट, मिक्स्ड आणि हार्ड या तीन प्रकारांपैकी प्रत्येक प्रकार कोणत्या चौकोनापर्यंत पोहोचतो, हे मला वापरता येत होते, सांगता येत नव्हते.

त्यानंतर एक नवी रिकामी रिपॉझिटरी तयार करून, एक कमिट करून, तिच्यातला ‘डॉट गिट’ हा लपलेला फोल्डर उघडावा. आत शाखेच्या (कामाच्या एका वेगळ्या प्रवाहाच्या) नावाची एक छोटी फाईल सापडते आणि ती नोटपॅडमध्ये उघडली की चाळीस अक्षरांचा एक क्रमांक दिसतो, बाकी काही नाही. शाखा म्हणजे एवढेच : एका कमिटचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. ‘हेड’ नावाची दुसरी फाईल आपण सध्या कोणत्या शाखेवर आहोत ते सांगते. शाखा केली की सगळ्या फाईलींची दुसरी प्रत तयार होते, असा समज अनेक अनुभवी लोकांचाही असतो. या दोन फाईली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर तो टिकत नाही, आणि शिकवताना आपल्या बोलण्यात जी खात्री येते ती अशा पाहण्यातूनच येते.

थोडा इतिहासही जवळ असावा, कारण “हे इतके अवघड का केले आहे?” हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. बदलांची नोंद ठेवणारी साधने १९७२ पासून, म्हणजे बेल लॅब्जमधल्या एससीसीएसपासून आहेत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, विकासकांना बिटकीपर हे असेच साधन मोफत वापरता येईनासे झाले, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जुनिओ हामानो यांच्याकडे त्याची देखभाल सोपवली. जगभर विखुरलेल्या, तयार विकासकांसाठी ते साधन घडले होते, नवशिक्यांसाठी नव्हे. शाखा बदलणारी ‘स्विच’ आणि फाईल पूर्ववत करणारी ‘रिस्टोर’ या सरळ अर्थाच्या दोन कमांड ऑगस्ट २०१९ मध्ये आल्या. तोवर ती दोन्ही कामे एकट्या ‘चेकआउट’वर होती. नव्या विद्यार्थ्यांना या दोनच शिकवाव्यात. ‘चेकआउट’ पुढे कंपनीत दिसेलच, तिची ओळख शेवटी एका वाक्यात करून द्यावी.

एकाच माणसाला शिकवून पाहावे

वर्गात जाण्यापूर्वी किमान तीन वेगवेगळ्या माणसांना, एका वेळी एकाला, शेजारी बसवून शिकवावे. यात एकच नियम कडकपणे पाळायचा : त्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. त्याने चुकीचे अक्षर टाईप केले तरी गप्प बसायचे, त्याला चूक वाचू द्यायची, आणि तो ज्या शब्दावर थबकतो तो शब्द वहीत उतरवून ठेवायचा. तिसऱ्या माणसानंतर ही वही कोणत्याही तयार अभ्यासक्रमापेक्षा मोलाची ठरते.

तिघांपैकी एक जण तरी प्रोग्राम न लिहिणारा असावा. मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ड्रॉईंगचे काम करणाऱ्या गृहस्थांना शिकवले. ते कोड लिहीत नव्हते, पण ड्रॉईंगची ‘रिव्हिजन’ ही गोष्ट त्यांच्या हाडीमाशी भिनलेली होती. मी शाखांकडे वळण्याआधीच त्यांनी विचारले, “रिव्हिजन सी निघाली आहे आणि एकजण अजून बीवरच काम करत बसलाय, तर दोघांचं काम एकत्र कसं आणायचं?” मर्ज म्हणजे काय, याची इतकी नेमकी सुरुवात मला तोवर सुचली नव्हती. आजही मी मर्जचा तास त्यांच्याच प्रश्नाने सुरू करते.

उपमा निवडताना

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली उपमा सात-बारा आणि फेरफाराची आहे. करवीर, कागल, राधानगरीकडून येणाऱ्या मुलांच्या घरी हे कागद असतातच. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, क्रमांक घालून नोंद धरतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत मिळते, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सात-बारावर तिचा अंमल होतो. जुन्या खातेदाराचे नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस होतो आणि बाजूला फेरफाराचा क्रमांक येतो. सात-बारा म्हणजे आजची स्थिती आणि फेरफार म्हणजे ती स्थिती कशी आली याचा माग, हे मुलांना सांगावे लागत नाही. कमिटला क्रमांक का, तारीख का, कारण का, हे इथून सहज पटते. पुढे पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कामात घेण्याची विनंती) शिकवताना तलाठ्याने धरलेली नोंद आणि मंडळ अधिकाऱ्याने केलेले प्रमाणीकरण यांची आठवण करून दिली की बरेचसे काम होते.

पण उपमा जिथे तुटते तिथे ती तुटते असे स्पष्ट सांगणे शिकवणाऱ्याचे कर्तव्य आहे. फेरफाराच्या नोंदीत फक्त बदल लिहिलेला असतो, तर गिटचे प्रत्येक कमिट त्या क्षणीच्या संपूर्ण फोल्डरचे चित्र धरून ठेवते. जी फाईल बदलली नाही तिची नवी प्रत न करता जुनीकडेच बोट दाखवते. नोंदवही एकच असते, तर गिटमध्ये रिपॉझिटरी क्लोन करणाऱ्या, म्हणजे तिची प्रत घेणाऱ्या, प्रत्येकाकडे सगळा इतिहास येतो. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पूर्ण इतिहास एकाहून अधिक ठिकाणी असण्याचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागत नाही. आणि शाखांना तर सात-बाऱ्याच्या जगात जोडच नाही. तिथे उपमा सोडून द्यावी आणि फळ्यावर गोल व बाण काढावेत.

खोलीची तयारी

निम्मे वर्ग शिकवण्यामुळे नव्हे, तर यंत्रांमुळे फसतात. म्हणून आदल्या दिवशी कक्षात जाऊन किमान दोन यंत्रांवर सगळा पाठ स्वतः करून पाहावा. विंडोजवर गिट बसवताना मजकूर लिहिण्याचा संपादक (एडिटर) म्हणून विम हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो तसाच राहिला, की संदेश न देता कमिट करणारा प्रत्येक विद्यार्थी त्यात अडकतो आणि बाहेर कसे यायचे यात पंधरा मिनिटे जातात. नोटपॅड किंवा नॅनो निवडून ठेवावा. कक्षातली यंत्रे अनेकजण वापरतात, त्यामुळे नाव आणि ईमेल ‘ग्लोबल’ पर्यायाने न घालता त्या-त्या रिपॉझिटरीपुरतेच घालायला सांगावे. नाहीतर सकाळच्या तुकडीतल्या मुलाच्या नावाने दुपारच्या मुलीची कमिट पडतात. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये आधीच्या विद्यार्थ्याचे गिटहबचे (दूरच्या रिपॉझिटरी ठेवणाऱ्या संकेतस्थळाचे) खाते साठून राहते आणि पुश करताना, म्हणजे आपली कमिट तिकडे पाठवताना, परवानगी नाकारली जाते, तेही आधीच पुसून घ्यावे. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब पुशसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारत नाही, म्हणून ब्राउझरमधून साइन इन किंवा टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा संकेत) यांपैकी कोणता मार्ग वापरायचा ते ठरवून ठेवावे आणि खाती घरूनच उघडून आणायला सांगावे.

फाईलला मराठी नाव दिले, तर ‘गिट स्टेटस’ ते नाव न दाखवता तिरक्या रेघा आणि आकड्यांची माळ दाखवते. मुलांना वाटते फाईल बिघडली. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की देवनागरी नाव सरळ दिसते. मराठी वर्गात ही सेटिंग पहिल्या दहा मिनिटांत करून घ्यावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

इंटरनेट बंद पडेल असे धरूनच चालावे. सामायिक फोल्डरमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर ‘बेअर’ (कामाचा फोल्डर नसलेली) रिपॉझिटरी तयार करून तिचा पत्ता दूरची रिपॉझिटरी म्हणून दिला, तर पुश आणि पुल (दूरचे बदल आपल्याकडे आणणे) हे दोन्ही नेटशिवाय शिकवता येतात. मात्र एप्रिल २०२२ नंतरच्या गिटला दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरबद्दल संशय येतो आणि पेन ड्राइव्हवर तो हमखास अडून बसतो. ‘सेफ डॉट डिरेक्टरी’ या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा पत्ता आधीच घालून ठेवावा.

पहिले तीन तास

पहिल्या सत्रात पाचच कमांड घ्याव्यात : स्टेटस (सद्यस्थिती), ॲड (स्टेजिंगमध्ये घालणे), कमिट, लॉग (कमिटची यादी) आणि डिफ (काय बदलले ते). शाखा नाहीत, गिटहब नाही. सरावासाठी कोड घेऊ नये, कारण कोडमधली चूक आणि गिटमधली चूक यांत नवखा माणूस गोंधळतो. मी एका फाउंड्रीचे कोटेशन घेते : ग्राहकाचे नाव, मालाचे वर्णन, वजन, दर आणि पोहोच. साधी पाच ओळींची फाईल असते.

सुरुवात मात्र फाईलच्याही आधी, एका छोट्या प्रयोगाने करते. सगळ्यांनी गिट बॅशमध्ये (कमांड टाईप करायच्या खिडकीत) ‘एको’ने हॅलो हा इंग्रजी शब्द छोट्या लिपीत ‘गिट हॅश-ऑब्जेक्ट’ या मजकुराचा क्रमांक काढणाऱ्या कमांडकडे पाठवायचा आणि येणाऱ्या क्रमांकाची पहिली सहा अक्षरे मोठ्याने वाचायची. चाळीस यंत्रांवरून एकच उत्तर येते : सीई०१३६. कोणी पहिले अक्षर मोठे टाकले असेल, तर त्याचा क्रमांक सर्वस्वी वेगळा निघतो आणि तो आपली चूक स्वतःच शोधतो. क्रमांक हा मजकुरातून निघतो, यंत्रातून किंवा नावातून नाही, हे वर्गाला कानांनी कळते. थोड्या वेळाने सगळे एकच फाईल, एकाच संदेशासह कमिट करतात आणि या वेळी प्रत्येकाचा क्रमांक वेगळा येतो. “आता का वेगळा?” हा प्रश्न विचारून मी थांबते. उत्तर वर्गातूनच येते : यात आपले नाव आणि वेळही आहे. या दोन प्रयोगांना मिळून वीस मिनिटे लागतात आणि त्यांतली एकही मिनिट वाया जात नाही.

पुढे प्रत्येक कमांडनंतर ‘स्टेटस’ चालवायची आणि शेजाऱ्याला मराठीत एका वाक्यात सांगायचे, की आपले काम आत्ता कोणत्या चौकोनात आहे. “दर बदललाय, पण अजून स्टेजिंगमध्ये नाही.” “स्टेजिंगमध्ये आहे, नोंद व्हायची आहे.” सुरुवातीला मुले लाजतात. हा बोलण्याचा सराव टाळू नये. चौकोनांचे चित्र फळ्याच्या एका बाजूला तीनही तास पुसायचे नाही.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. कमांडची नावे जशी आहेत तशीच ठेवावीत, त्यांचे मराठी प्रतिशब्द घडवत बसू नये. वाक्य मात्र मराठी असावे. गिटचे इंग्रजी संदेश मुले वाचतच नाहीत, लाल अक्षर दिसले की हात वर करतात. म्हणून हात वर करणाऱ्याने आधी तो संदेश मोठ्याने वाचायचा आणि त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, अशी पद्धत ठेवावी. बहुतेक वेळा अर्थ सांगता सांगताच उपाय सापडतो, कारण गिट पुढे काय करायचे ते त्याच संदेशात लिहीत असते.

कॉन्फ्लिक्ट मुद्दाम घडवून आणावा

दुसऱ्या सत्रात शाखा, मर्ज (दोन शाखा एकत्र आणणे) आणि कॉन्फ्लिक्ट (त्यात एकाच ओळीवर दोन वेगळे बदल येणे) घ्यावा. शाखांसाठी ‘गिट लॉग’ला वनलाईन, ग्राफ आणि ऑल हे तीन पर्याय जोडून येणारे चित्र सतत पडद्यावर ठेवले की पुरे होते. खरा वेळ कॉन्फ्लिक्टला द्यावा.

कोटेशनमध्ये एक ओळ अशी असते : ‘दर किलोला १२० रुपये, पोहोच १५ दिवसांत.’ जोडीतला एकजण कारखान्याचा मालक होतो आणि आपल्या शाखेवर दर १२५ करतो. दुसरा उत्पादन बघणारा होतो आणि पोहोच १२ दिवसांत करतो. मर्ज करताच कॉन्फ्लिक्ट येतो. फाईलमध्ये सात डाव्या कोनांची खूण, मध्ये सात बरोबरच्या चिन्हांची रेघ आणि शेवटी सात उजव्या कोनांची खूण दिसते. इथे बहुतेक मुले संपादकाने दिलेले बटण दाबून दोन्हींपैकी एक ओळ ठेवतात. मी त्यांना तसे करू देते आणि मग विचारते, “आता हे कोटेशन ग्राहकाला पाठवलं, तर कोणाचं नुकसान?” ज्याने मालकाची ओळ ठेवली, त्याची १२ दिवसांची पोहोच गेली, ज्याने दुसरी ठेवली, त्याचे किलोमागे पाच रुपये गेले. दोघांच्या म्हणण्यात विरोध मुळीच नव्हता. गिट ओळीच्या हिशेबाने पाहते आणि दोघांनी एकच ओळ बदलली, एवढेच घडले. बरोबर उत्तर दोन्हींपैकी कोणतीच ओळ नाही : ‘दर किलोला १२५ रुपये, पोहोच १२ दिवसांत.’ ती हाताने लिहावी लागते.

मग दुसरा कॉन्फ्लिक्ट घ्यावा. एकजण दर १२५ करतो, दुसरा ११८. आता उत्तर फाईलमध्ये नाही, संगणकातही नाही. उठून मालकाला विचारावे लागते. हे दोन कॉन्फ्लिक्ट एकापाठोपाठ केले, की कॉन्फ्लिक्ट म्हणजे बिघाड हा समज निघून जातो. खुणा तशाच ठेवून कमिट करणारा एखादा विद्यार्थी निघतोच. गिट त्याला अडवत नाही, हेही त्याच वेळी सर्वांना दाखवावे.

डावाबरोबर तोड

तालमीत वस्ताद डाव दाखवतो तेव्हा त्याची तोडही दाखवतो. गिट शिकवतानाही प्रत्येक कमांडबरोबर ती कशी फिरवायची ते त्याच तासाला दाखवावे. चुकून ॲड झाले, तर ‘रिस्टोर’ला ‘स्टेज्ड’ हा पर्याय जोडून ते स्टेजिंगमधून काढता येते. शेवटच्या कमिटचा संदेश चुकला, तर तो पुश करण्यापूर्वी ‘अमेंड’ने दुरुस्त होतो. कमिट एकदा इतरांपर्यंत गेले की इतिहास बदलायचा नाही, ‘रिव्हर्ट’ने उलटी नोंद घालायची, इथे फेरफाराची उपमा पुन्हा कामाला येते, कारण चुकीचा फेरफारही खोडत नाहीत, नव्या फेरफाराने दुरुस्त करतात.

तिसऱ्या सत्राचा एक पूर्ण तास मी काम मुद्दाम घालवण्यासाठी ठेवते. सगळ्यांनी तीन कमिट करायची आणि ‘रिसेट हार्ड’ने तिन्हींच्या मागे जायचे. लॉगमधून तिन्ही नाहीशी होतात. वर्गात शांतता पसरते. मग ‘गिट रिफ्लॉग’ चालवायची. हेड कुठून कुठे गेले, याची यादी समोर येते आणि हरवलेल्या कमिटचा क्रमांक त्यात असतो. त्या क्रमांकावर नवी शाखा काढली की सगळे परत येते. मूळ सेटिंगमध्ये, शाखांपासून तुटलेल्या कमिटच्या रिफ्लॉगमधल्या नोंदी ३० दिवस आणि इतर ९० दिवस राहतात, त्यामुळे घाबरून फोल्डर पुसून पुन्हा क्लोन करण्यापूर्वी थांबायला अवधी असतो. पुन्हा क्लोन केले तर रिफ्लॉग नव्याने सुरू होतो आणि जुना माग जातो, हे ठासून सांगावे.

त्याच तासाला उलट बाजूही दाखवावी. कमिट किंवा ॲड न केलेला बदल ‘रिसेट हार्ड’ने गेला, तर गिट तो परत आणू शकत नाही, कारण तो त्याच्या ताब्यात कधी आलाच नव्हता. हा प्रयोग मुलांनी स्वतःच्या लिहिलेल्या दोन परिच्छेदांवर करावा, कोऱ्या फाईलवर नव्हे. स्वतः लिहिलेले गेल्यावर लहान-लहान कमिट करा असे वेगळे सांगावे लागत नाही.

वर्ग मिळवणे आणि पुढचा महिना

सुरुवातीला मोठ्या कार्यशाळेच्या मागे लागू नये. बीसीए, बीसीएस किंवा अभियांत्रिकीच्या विभागप्रमुखांना भेटून शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-गटांसाठी तीन शनिवार मागावेत. या मुलांना गिटची गरज त्याच महिन्यात असते आणि प्रकल्पाच्या फोल्डरला ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘खरंच फायनल’ अशी नावे देऊन ती आधीच त्रासलेली असतात. एका वेळी वीसपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर मदतीला एकजण सोबत न्यावा आणि कीबोर्डला हात न लावण्याचा नियम त्यालाही बजावावा.

परीक्षा घ्यायची असेल तर लेखी घेऊ नये. एक बिघडलेली रिपॉझिटरी द्यावी : एक अर्धवट मर्ज, एक हरवलेले कमिट, चुकीच्या शाखेवर पडलेला एक बदल. काम कुठे आहे ते विद्यार्थ्याने आधी कागदावर काढून दाखवायचे आणि मगच यंत्राला हात लावायचा. चित्र बरोबर असेल आणि कमांड चुकली तर मी जास्त गुण देते. कमांड शोधून सापडते.

महिन्याभराने प्रत्येक गटाकडून त्यांच्या प्रकल्पाचा लॉग मागवून वाचावा. हे काम कंटाळवाणे वाटले तरी सोडू नये, कारण आपले शिकवणे कुठवर पोहोचले ते तिथेच दिसते. गेल्या खेपेच्या एका गटाचे पहिले पाच संदेश ‘बदल’, ‘बदल’, ‘नवीन बदल’, ‘सरांनी सांगितले’, ‘बदल’ असे होते. चौथ्या आठवड्यातल्या एका ओळीवर मी थांबले : ‘वजन ग्रॅमऐवजी किलोत घेतले, कारण काट्याची पावती किलोत येते.’ खाली दोघांची नावे होती, आणि कमिट फक्त एका फाईलला स्पर्श करत होते.